बाळाच्या अंगावर काय होतं?

तान्ह्या बाळाच्या अंगावर त्या दिवशी काय होतं, हे आई विसरत नाही. लग्नातल्या शालूचा रंग एक वेळ आठवणार नाही, पण बाळाला पहिल्यांदा बाहेर नेलं तेव्हाचं टोपडं, त्याची सुटलेली नाडी, झबल्यावरचा दुधाचा डाग, सगळं तिच्या डोळ्यांसमोर असतं. खोटं वाटत असेल तर कुठल्याही आजीला विचारून बघा. फक्त तासाभराची सवड काढून जा.

लिंडी चेंबरलेनलाही ते पक्कं आठवत होतं. १७ ऑगस्ट १९८०ची रात्र. ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, उलुरूच्या त्या अजस्र तांबड्या खडकापाशी प्रवाशांचे तंबू लागलेले. ऑगस्ट म्हणजे तिकडचा हिवाळा, त्यात वाळवंट. म्हणून नऊ आठवड्यांच्या अझारियाला तिने जंपसूटवरून एक पांढरं जाकीट घातलं होतं, फिकट लिंबोणी काठाचं. बाळाला निजवून ती शेगडीपाशी परतली. थोड्या वेळाने रडल्यासारखा आवाज आला म्हणून धावली, तर तंबूतून डिंगो, म्हणजे तिथला रानकुत्रा, बाहेर पडत होता आणि आत बाळ नव्हतं.

आठवड्याभराने जंपसूट सापडला. जाकीट नाही. मग सुरू झाला तो कीस. कुत्र्याने तोंडात धरून नेलं म्हणता, तर जंपसूटवर लाळ कशी नाही? वरून जाकीट होतं ना, असं बाई सांगत राहिली. पण न सापडलेल्या जाकिटावर कोण विश्वास ठेवणार? बाईने ते रचलं, असंच ठरलं.

मला सगळ्यात बोचतं ते पुढचं. शोधाला गेलेल्यांना त्या रात्रीच वाळूत डिंगोचा माग लागला होता. एका ठिकाणी त्याने ओझं खाली ठेवल्यासारखं दिसत होतं आणि तिथे वाळूवर विणलेल्या कापडासारखा ठसा उमटला होता. तिथल्या मूळच्या अनांगू लोकांनीही माग काढला होता. ज्यांचा जन्म ती वाळू वाचण्यात गेला, त्यांना त्यात कोडं वाटलं नव्हतं. पण पुढे वजन पडलं ते प्रयोगशाळेतल्या अहवालांना.

पहिल्या चौकशीत कोरोनरने, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, बाळ डिंगोनेच नेल्याचं मान्य केलं होतं, तेही टीव्हीच्या थेट प्रक्षेपणात. पण लोकांचं समाधान होईना. बाई कॅमेऱ्यासमोर रडत नाही. रोज वेगळा, चांगलासा फ्रॉक घालून येते. त्यांचा पंथही जरा निराळा, सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट. मुलीच्या नावाचा अर्थ म्हणे ‘रानातला बळी’ (तसा तो मुळीच नाही). आपल्याकडेही मयताच्या घरी कोण किती रडलं याची नोंद ठेवणाऱ्या बायका असतातच. तिथे अख्खा देश त्या कामाला लागला होता.

मग आली त्यांची पिवळी टोराना गाडी. गाडीतच आईने कात्रीने बाळाचा गळा चिरला, असा सरकारी पक्षाचा दावा. डॅशबोर्डखाली उडालेले थेंब तान्ह्या बाळाच्या रक्ताचे आहेत, असं तज्ज्ञांनी शपथेवर सांगितलं. ऑक्टोबर १९८२मध्ये डार्विनच्या न्यायालयाने जन्मठेप दिली. लिंडी तेव्हा गरोदर होती. पुढच्याच महिन्यात कैदेत मुलगी झाली, तीही तिच्याजवळ राहू दिली नाही.

ते थेंब म्हणजे काय होतं? आवाज दाबण्यासाठी कारखान्यातच पत्र्यावर फवारलेला लेप! पण हे सिद्ध व्हायला बराच काळ जावा लागला.

१९८६च्या सुरुवातीला एक इंग्रज प्रवासी खडकावरून पडून मेला. त्याचा शोध घेताना डिंगोंच्या बिळांच्या परिसरात अर्धवट मातीत गाडलेलं बाळाचं जाकीट मिळालं. पांढरं, लिंबोणी काठाचं. काही दिवसांत लिंडी सुटली. दोन वर्षांनी, १९८८मध्ये, शिक्षाही रद्द झाली. मृत्यूचं कारण मात्र कागदोपत्री अधांतरीच राहिलं. अखेर १२ जून २०१२ला चौथ्या चौकशीत कोरोनरने बाळ डिंगोनेच नेल्याचं नोंदवलं, आईवडिलांचं मनापासून सांत्वन केलं आणि तसा मृत्यूचा दाखला दिला. एका दाखल्याला बत्तीस वर्षं! आपल्या नगरपालिकेला उगाच नावं ठेवतो आपण.

दरम्यान ‘डिंगोने माझं बाळ नेलं’ या तिच्या आक्रोशाचा जगभर विनोद झाला होता. अमेरिकेतल्या विनोदी मालिकांत त्यावर हशे वसूल झाले, आणि अजूनही ऑस्ट्रेलियन उच्चारांची नक्कल करायची म्हटली की कोणीतरी हौशी माणूस तेच वाक्य फेकतो. त्याला एकदा विचारायला हवं की बाबा रे, पुढचं काही माहीत आहे का तुला? जाकिटाचं?