बाख ऐकायचा तर कुठून?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘बाख ऐकायचाय, सुरुवात कुठून करू?’ हा प्रश्न मला इतक्या जणांकडून येतो की या जर्मन संगीतकाराबद्दल एकदा नीट लिहूनच काढावं म्हटलं. विचारणारे बहुतेक आपलं शास्त्रीय संगीत मनापासून ऐकणारे असतात. काहींची मुलं जर्मनीत शिकायला असतात. एकट्या चेलोवरचा तो प्रसिद्ध तुकडा जवळजवळ सगळ्यांच्याच कानावरून गेलेला असतो, त्यामुळे मी चेलोचे सूट, म्हणजे नाचांच्या चालींवरच्या रचनांचे संच, सांगेन असं त्यांना वाटतं. सूट सुंदरच आहेत, ऐका कधीही. पण माझं उत्तर ठरलेलं आहे: बाखच्या नोकरीपासून सुरुवात करा. रविवारच्या उपासनेसाठी, पगार घेऊन, आठवड्याच्या मुदतीत त्याने जे लिहिलं ते आधी ऐका. म्हणजे कँटाटा, गायक आणि वाद्यं मिळून सादर करायची धार्मिक रचना. त्यातलाही एकच घ्या, ८२ क्रमांकाचा, ‘इश हाबे गेनुग’, म्हणजे ‘मी भरून पावलो’.

नोकरी कसली होती ते कळल्याशिवाय या संगीताची खरी किंमत कळत नाही, म्हणून ते आधी.

योहान सेबास्टिअन बाख १६८५ साली आयझेनाखला जन्मला. घराणंच वादकांचं. तो नऊ वर्षांचा असताना आई गेली, दहा पुरी व्हायच्या आत वडील गेले, थोरल्या भावाने सांभाळलं. अठराव्या वर्षी आर्नष्टाटला ऑर्गनवादक म्हणून लागला. दोन वर्षांनी चार आठवड्यांची रजा काढून तो ल्युबेकला गेला, बुक्सटेहूड या वयोवृद्ध ऑर्गनवादकाला ऐकायला. सुमारे चारशे किलोमीटर, आणि तेही पायी, असं त्याच्या मृत्युलेखात म्हटलंय. परतला चार महिन्यांनी, आणि चर्चच्या मंडळींनी जाब विचारला. पुढे वायमारला नोकरी सोडायचा हट्ट धरला म्हणून ड्यूकने त्याला जवळजवळ चार आठवडे कोठडीत ठेवलं. मग कोथेनच्या राजपुत्राकडे बरे दिवस आले. पण १७२० मध्ये राजपुत्राबरोबर कार्ल्सबाडला गेलेला बाख घरी परतला तेव्हा बायको मारिया बार्बारा वारली होती, दफनही होऊन गेलं होतं.

१७२३ मध्ये तो लाइपझिगला आला तो शेवटपर्यंत तिथेच राहिला. नगरपरिषदेला खरं तर टेलेमान हा संगीतकार हवा होता. तो हॅम्बर्ग सोडेना. मग ग्राउपनर हा दुसरा संगीतकार हवा होता. त्याला त्याच्या मालकाने सोडलं नाही. तेव्हा कुठे बाखचा नंबर लागला. हुद्दा सेंट थॉमस शाळेच्या कँटरचा, म्हणजे संगीतप्रमुखाचा. मुलांना गाणं शिकवायचं, चार आठवड्यांतून एकदा वसतिगृहावर देखरेख करायची, शहरातल्या मुख्य चर्चमधलं संगीत सांभाळायचं, मयतीला गाणारी मुलं पुरवायची. राहायची जागा शाळेच्याच इमारतीत. १७३० मध्ये त्याने एका जुन्या मित्राला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. त्यात तो सांगतो की मिळकत सातशे थालरच्या (तिथल्या चांदीच्या नाण्यांच्या) आसपास आहे, पण मयती जास्त झाल्या तर ती वाढते. हवा चांगली असली की घटते. गेल्या वर्षी अशाच निरोगी हवेपायी आपलं शंभर थालरहून जास्त नुकसान झालं. हे वाचताना मला तो फार जवळचा वाटतो. त्याच वर्षी त्याने नगरपरिषदेला दिलेलं निवेदनही आहे. त्यात गाणाऱ्या मुलांचा हिशेब मांडलाय: १७ कामाची, २० अजून तयार व्हायची, १७ अगदीच निरुपयोगी.

एवढ्या बळावर त्याला दर रविवारी आणि सणासुदीला अर्ध्या तासाचं संगीत उभं करायचं होतं. सकाळी सातला उपासना सुरू व्हायची, ती तीन-चार तास चालायची, आणि प्रवचनाच्या आधी कँटाटा. त्या दिवशी बायबलमधलं जे वाचन असेल त्याचाच अर्थ कँटाटा उलगडतो. कीर्तनकार निरूपणाला अभंग घेतो, तसंच काहीसं. १७२४ च्या जूनमध्ये सुरुवात करून १७२५ च्या मार्चपर्यंत त्याने जवळजवळ दर आठवड्याला एक नवा कँटाटा लिहिला, प्रत्येक एकेका जुन्या ल्यूथरन भजनावर आधारलेला. शाई वाळते न वाळते तोच शिष्य आणि घरातली माणसं त्यातून एकेका वादकाचा कागद उतरवून काढायची. तालमीला वेळ जेमतेम. असे चर्चसाठीचे सुमारे दोनशे कँटाटा आज हाती आहेत, आणि बरेच हरवले असावेत. एवढ्या घाईत लिहिलेलं बरंचसं भरताड असेल असं कुणालाही वाटेल. बसून ऐका. मी कित्येक वर्षं ऐकतेय, आणि हातचं राखून लिहिलेला कँटाटा मला अजून भेटायचा आहे.

आता ८२ क्रमांकाचा. तारीख २ फेब्रुवारी १७२७, सण होता बाळ येशूला मंदिरात नेल्याचा. त्या दिवसाच्या वाचनात म्हातारा शिमोन येतो. मसीहाला पाहिल्याशिवाय मरण येणार नाही असं त्याला वचन मिळालेलं असतं. जेरुसलेमच्या मंदिरात तो ते मूल हातात घेतो आणि म्हणतो, देवा, आता मला जाऊ दे. बाखने यासाठी अख्खा गायकवृंद बाजूला ठेवला. एकच खर्जातला पुरुषी आवाज, एक ओबो (सनईसारखं फुंकून वाजवायचं वाद्य), तंतुवाद्यं आणि साथीचा ऑर्गन.

सुरुवातीलाच ओबो खालच्या स्वरावरून एकदम वर झेप घेतो आणि मग वळणं घेत हळूहळू उतरतो. गायक येतो तो हीच ओळ घेऊन, ‘मी भरून पावलो’ म्हणत. तो थांबला तरी ओबो थांबत नाही. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा शब्द सोडून द्या आणि फक्त ओबोच्या मागे जा. वाक्यं इतकी लांब आहेत की वादक श्वास कुठे घेणार याची आपल्यालाच काळजी लागते.

मधली आरिया, म्हणजे एकट्या गायकाचं गाणं, ही अंगाई आहे, आणि ती शिमोन स्वतःच्याच थकलेल्या डोळ्यांसाठी गातो. ‘मिटा आता, हळूच मिटा’ म्हणताना सूर मध्येच थांबतो, सगळी वाद्यं थांबतात आणि पुन्हा सावकाश सुरू होतात. पहिली ओळ परत परत येते आणि दर वेळी हवीशी वाटते. झोपवणारा आणि झोपणारा एकच आहे, म्हणून ही अंगाई मला इतर कुठल्याही अंगाईपेक्षा जास्त लागते. शेवटची आरिया मात्र चक्क नाचाच्या लयीतली. ‘माझ्या मरणाचा मला आनंद आहे’ हे शब्द, भराभर धावणारे स्वर, आणि स्वरांचा रंग मात्र उदासच. हे तिन्ही एकत्र कसं नांदतं ते कानांनीच कळतं.

बाखच्या घरात तेव्हा काय चाललं होतं? कोथेनच्या दरबारातली गायिका अ‍ॅना माग्दालेना ही त्याची दुसरी बायको. तिची पहिली मुलगी १७२६ च्या जूनमध्ये, तीन वर्षांची असताना गेली होती. दोन्ही बायकांची मिळून बाखला वीस मुलं झाली, त्यातली दहा मोठी झाली. मुलगी गेली म्हणून त्याने हा कँटाटा लिहिला, असं मी म्हणणार नाही. सण ठरलेला होता, वाचन ठरलेलं होतं, लिहिणं भागच होतं. पण अ‍ॅना माग्दालेनाची १७२५ मध्ये सुरू केलेली संगीताची वही आजही आहे. मुलांना वाजवता येतील असे छोटे नाच तिच्यात आहेत, भजनं आहेत, आणि त्यातच ती अंगाईही उतरवलेली आहे, उंच आवाजात गाता येईल अशी. चर्चच्या कामासाठी लिहिलेलं गाणं घरच्या वहीत आलं. पुढे १७३१ मध्ये बाखने हा कँटाटा स्त्रियांच्या पट्टीत, ओबोऐवजी बासरी घेऊन पुन्हा केला. त्याला स्वतःलाही तो सोडवत नव्हता असं दिसतं.

‘जर्मन येत नाही, धर्म आपला नाही, मग कसं ऐकायचं?’ असंही विचारतात. शब्द एका पानात मावतात. भाषांतर समोर ठेवा, दोनदा वाचा आणि मग लावा. शिमोन कळायला ख्रिस्ती असावं लागत नाही. आपल्या घरातली म्हातारी माणसं नातवंड मांडीवर घेऊन जे बोलतात, तेच तो बोलतोय.

ध्वनिमुद्रणं दोन सांगते. हान्स हॉटर या गायकाचं १९५० चं, जुन्या पद्धतीचं, संथ आणि भरदार. आणि लोरेन हंट लीबरसन यांचं, स्त्रीच्या आवाजातलं. ते बॉस्टनच्या इमॅन्युएल म्युझिकबरोबर केलेलं आहे. तिथल्या इमॅन्युएल चर्चमध्ये रविवारच्या उपासनेतच बाखचे कँटाटा गायले जातात, म्हणजे ज्या प्रसंगासाठी ते लिहिले गेले त्याच प्रसंगी. ज्यांची मुलं जर्मनीत आहेत त्यांनी त्यांना एखाद्या शनिवारी दुपारी लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये पाठवावं. त्याच शाळेच्या मुलांचा वृंद आजही तिथे गातो, आणि बाखची समाधीही तिथेच आहे.

शेवट त्याचा कष्टात गेला. दृष्टी गेली, १७५० मध्ये दोनदा डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, त्याच जुलैत तो वारला. भजनांवरच्या त्या कँटाटांचे वादकांचे कागद अ‍ॅना माग्दालेनाने शाळेकडे दिले, म्हणून ते टिकले. ती स्वतः १७६० मध्ये गेली, तोवर धर्मादाय मदतीवर जगत होती. हे मला आजही सहन होत नाही.

‘इश हाबे गेनुग’ अंगवळणी पडला की मग मॅथ्यू पॅशन घ्या, म्हणजे येशूच्या यातना आणि मृत्यूची संगीतातली कथा. तीही १७२७ चीच, त्याच वर्षीच्या गुड फ्रायडेची, या कँटाटानंतर दोन महिन्यांनी गायलेली. दुसऱ्या भागात येशूचा शिष्य पीटर त्याला तिसऱ्यांदा नाकारतो, म्हणजे ओळखत नाही म्हणतो, आणि लगेच व्हायोलिन सुरू होतं. त्याची पहिली झेप नीट ऐका, कँटाटातल्या ओबोचीच आहे. पॅशन अडीच-तीन तासांची आहे, एका बैठकीत संपवायची घाई करू नका. बाखच्या चर्चमध्ये दोन भागांच्या मधे प्रवचन असायचं. तुम्ही पहिला भाग सकाळी लावा, दुसरा संध्याकाळी.