मार्चनंतर काढणे

देखभालीसाठी माझ्याकडे आलेल्या पगारपत्रकाच्या एका प्रणालीत, व्यवसाय कराच्या हिशेबापाशी, एक कॉमेंट, म्हणजे प्रोग्रॅमरने कोडमध्ये माणसांसाठी लिहून ठेवलेली टीप, आहे: ‘तात्पुरते. मार्चनंतर काढणे.’ कोणत्या वर्षीचा मार्च, हे लिहिणाऱ्याने नोंदवलेले नाही.

गोष्ट मुळात शंभर रुपयांची. महाराष्ट्रात वरच्या टप्प्यातल्या पगारदाराचा व्यवसाय कर दरमहा २०० रुपये कापला जातो आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५०० भरतात. पहिल्या प्रोग्रॅमरच्या ध्यानात फेब्रुवारी राहिला नसावा. ऐन पगाराच्या दिवशी चूक उघडकीला आली, तेव्हा कराचे कोष्टक दुरुस्त करण्याऐवजी कोणीतरी वरचे शंभर रुपये ‘इतर वजावट’ या रकान्यात टाकून वेळ मारून नेली. पुढे वार्षिक विवरण लिहिणाऱ्याला कराची बेरीज जुळेना, म्हणून त्याने फेब्रुवारीपुरते त्या रकान्यातले शंभर उचलून पुन्हा कराकडे वळवले. आता मूळ चूक सुधारायला जावे, तर नंतरच्या दोन्ही दुरुस्त्या चुका ठरतात. ठिगळे एकमेकांच्या टाक्यांवर तग धरून आहेत आणि विवरण मात्र दरवर्षी पैशापर्यंत बिनचूक येते.

घाईने लिहून वापरात आणलेल्या कोडला अमेरिकी प्रोग्रॅमर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये कर्जाची उपमा दिली. उपमा चपखल आहे; फक्त इथे कर्ज काढणारा नोकरी बदलून निघून जातो आणि व्याज फेडायला नवा माणूस रुजू होतो.

चालत्या कोडला हात लावू नये, हा आमच्या धंद्यात सोवळ्याइतका कडक नियम आहे. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे युरोपीय रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत भरकटून फुटले, त्याच्या मुळाशी एरियान ४ साठी लिहिलेला कोड होता. त्यातल्या एका भागाचे नव्या रॉकेटला उड्डाणानंतर काही कामच नव्हते, तरी तो तसाच चालू ठेवला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जुन्यापेक्षा जास्त असल्यामुळे त्यातला एक आकडा त्याच्यासाठी राखलेल्या १६ बिटांच्या, म्हणजे सोळा शून्य-एकांच्या, जागेत मावला नाही. माझे रॉकेट शंभर रुपयांचे आहे, एवढाच दिलासा.

गेल्या फेब्रुवारीत मी त्या कॉमेंटखाली एक ओळ वाढवली: ‘वरील ओळी काढू नयेत.’ का काढू नयेत, तेही लिहिणार होतो. पण पगाराची फाइल बँकेकडे पाठवायची वेळ झाली होती.