शिकायला मिळतंय ना!

"पगार कसला मागतेस? शिकायला मिळतंय ना!" आज कोर्टातल्या बार रूममध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत, एक सीनियर वकील आपल्या ज्युनियर वकिलाला हसत हसत म्हणाले. आजूबाजूचेही हसले. ती हसली नाही. हातातल्या झेरॉक्सच्या पावत्या तिने पर्समध्ये कोंबल्या.

झेरॉक्सचे पैसेही तीच भरते, हे नंतर कळलं.

बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं: ज्युनियरला शहरात महिना किमान २०,००० रुपये आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत. पण ती नुसती शिफारस. बंधन कुणावरच नाही.

सगळेच सीनियर गब्बर नसतात, मान्य. तालुका कोर्टात त्यांचीच फी पक्षकाराकडे अडकलेली असते. पण तारखा घ्यायला पळवायचं, रात्री उशिरापर्यंत ड्राफ्टिंग करून घ्यायचं आणि बसभाडंही द्यायचं नाही?

त्यात २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं तर आधी तीन वर्षं वकिली हवी. अनुभव हवाच, त्यावर वाद नाही.

पण ती तीन वर्षं घरच्या पैशांवर काढणं कुणाकुणाला परवडतं?