रूळ गेले, पूल राहिला

पुण्याची माणसं भिगवणला जातात ती दोन गोष्टींसाठी. एक रोहित पक्षी, दुसरी चिलापी मासळी. दोन्ही उरकल्यावर परतीच्या आधी हाताशी तासभर असेल तर मी गाडी डिकसळच्या दिशेनं, भीमेवरच्या जुन्या रेल्वे पुलाकडे घ्यायला लावतो. मंडळी कुरकुरतात. 'पूल काय बघायचा? पुण्यात कमी आहेत का?'

आहेत की. पण आगगाडीच्या जुन्या बांधकामांचं कौतुक आपल्याकडे सगळं बोरघाटाच्या वाट्याला गेलंय. पंचवीस बोगदे, नवऱ्यामागे कंत्राट पुढे चालवणारी अॅलिस ट्रेडवेल, १८६३ साली जोडला गेलेला घाट. ते योग्यच आहे. मात्र तारखा नीट लावून बघितल्या तर गंमत दिसते. खंडाळा-पुणे गाडी १८५८च्या जूनमध्ये सुरू झाली, त्याच डिसेंबरात ती डिकसळपर्यंत गेली आणि १८६०मध्ये सोलापूरला पोचलीसुद्धा. म्हणजे घाटात अजून सुरुंग उडत होते, मुंबईचा उतारू खोपोलीला उतरून पालखीत नाहीतर तट्टावर बसून खंडाळा गाठत होता, आणि इकडे भीमेवरून आगगाडी धावतही होती. तिची इंजिनं घाटरस्त्यानं वर चढवताना काय हाल झाले असतील, ते त्या बैलांना ठाऊक.

डिकसळचा हा पूल १८५५चा, असं सर्रास सांगितलं जातं. माझं मन त्याला राजी होत नाही. डिकसळच्या पुढे बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, गाडी गेली ती १८५९च्या ऑक्टोबरात. मधला सबंध पावसाळा डिकसळ हेच शेवटचं स्टेशन होतं. पूल चार वर्षं आधीच तयार असता तर रेल्वे कंपनी नदीच्या अलीकडे ताटकळली असती का? सोलापूर-बार्शीकडचा कापूस मुंबईला न्यायची तिला केवढी घाई होती!

पुढे शंभरावर वर्षं गाड्या त्यावरून गेल्या. मग उजनी आलं. १९८०मध्ये धरण पूर्ण झालं, ११७ टीएमसीचा जलाशय पसरला. पळसदेवचं देऊळ पाण्यात गेलं, पोमलवाडीचं स्टेशन गेलं. रेल्वेनं त्याआधीच आपला मार्ग हलवला होता. रूळ उचलले गेले आणि पूल जागेवरच राहिला, पेन्शनीत निघालेल्या माणसासारखा. आणि अशा माणसाला घरचे लोक जशी लगेच कामं सांगतात, तसंच त्याचं झालं. वर रस्ता झाला नि इंदापूर-करमाळा वाहतूक सुरू. अलीकडे डिकसळ, पलीकडे कोंढार चिंचोली. पुणे जिल्हा संपून सोलापूर जिल्हा लागतो तो या पुलावर.

रुंदी मात्र आगगाडीच्या हिशेबाची. मी एका हंगामात बघितलं, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर पुलावर चढला, टेपवर गाणी ढणाढणा. समोरून येणारे सगळे अलीकडेच थांबले. दुधाच्या किटल्या लावलेला एक मोटरसायकलवाला होता. त्यानं गाडी स्टँडवर लावली, तंबाखू मळली, चिमूट दाढेखाली धरली, तरी ट्रॅक्टर निम्म्यातच. मागच्या ट्रॉलीतून दोन-चार ऊस निसटून कठड्याला घासत होते. त्यातला एक खाली पडला तसा दूधवाल्यानं जाऊन तो उचलला, गुडघ्यावर मोडला आणि मलाही एक कांडं दिलं. भीमा नदी म्हणून इथं दिसतच नाही. दोन्ही अंगांना पसरलेलं पाणी, त्यात बगळे, लांबवर होड्या. खाली नदीचं पात्र असेल हे सांगावं लागतं.

दूधवाला पलीकडच्या गावचा. दवाखाना, बाजार, कॉलेज, सगळं त्याचं भिगवणला. 'पूल बंद पडला तर राशीनकडनं फिरून यायचं,' तो म्हणाला, 'तवर दूध नासतंय.' त्याला इंग्रजांचं काही सोयरसुतक नव्हतं. पूल चालू आहे की बंद, एवढीच बातमी त्याच्या कामाची.

पुढं व्हायचं ते झालंच. आगगाडीचं वजन सोसलेला पूल धरणाच्या पाण्यात उभा राहून जड वाहनांखाली खचला, त्याचा काही भाग ढासळला. नवा पूल मंजूर झाल्याच्या बातम्या आल्या. शहरात बसून मला वाटतं, जुना जपावा, निदान एक फलक लावावा, खऱ्या तारखेचा. भिगवणला मासे घेताना हे मी विक्रेत्या मावशींना बोलून दाखवलं. चिलापीचे खवले उडवत त्या म्हणाल्या, 'ऱ्हाऊ द्या की जुना. गळ टाकाया बरा पडतोय. पर नवा आधी दोन गाड्या जात्याल असा करा म्हनावं.'