नीरेच्या पुढची दुपार

नीरेत पादुकांचं स्नान झालं, पूल ओलांडला आणि माझा डावा पाय बोलायला लागला. आळंदी, पुणे, दिवेघाट, जेजुरी सगळं निभावलं होतं. टाचेवरचा फोड लोणंदच्या अलीकडे एवढा टरारला की दिंडीतून बाजूला झाले. मागून एका गाडीचा भोंगा येत होता: मुलगी शिकवा, पाणी वाचवा, स्वच्छता राखा. पुन्हा तेच, पुन्हा तेच. एकही वारकरी मान वळवत नव्हता. इतक्या चांगल्या गोष्टींचा असा वीट आणायचा? मला संताप आला.

बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत एक आजी बसल्या होत्या, शेजारी तुळशीवृंदावन. काही न विचारता त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला.

"आजी, पाय नका धरू."

"गप ऱ्हा, माऊली."

पिशवीतून सुई-दोरा काढला. फोडातून दोरा आरपार ओवला आणि तसाच आत ठेवला, म्हणजे पाणी झिरपत राहतं. वर हळद-तेल. त्यांचा हात एकदाही अडखळला नाही. माझं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून की काय, त्या नातीचं सांगू लागल्या. परभणीकडच्या एका खेड्यातली गोष्ट. नात पंधराची असताना चांगलं स्थळ आलं, घरचे तयार झाले. तेव्हा घरात 'बालिका वधू' ही मालिका लागायची, २००८ साली सुरू झालेली. हिंदी अर्धंमुर्धं कळायचं, पण त्यातली बालवधू आनंदी कळायची. आजींचं स्वतःचं लग्न परकरात असतानाच झालेलं. त्या स्वतःच्या मुलाला, नातीच्या बापाला, म्हणाल्या, "पोरीला उजवायची तर आधी मला घराबाहेर काढ." नात आता नर्स आहे.

"त्या साली पांडुरंगाला आनंदीसाठी बी मागितलं," त्या म्हणाल्या.

"अहो, पण ती खरी नव्हती, आजी."

"म्हाईत हाय की मला. पर तसल्या पोरी हायेत का न्हाईत?"

मी गप्प झाले. पाय ठणकत होता, आणि मला एकदम रडू आलं.

पुढे लोणंदपर्यंत लंगडत चालताना डोक्यात हेच. १९८४ साली दूरदर्शनवर 'हम लोग' ही मालिका सुरू झाली. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी सत्तरच्या दशकात मालिकांतून प्रौढ साक्षरता आणि कुटुंबनियोजन घराघरांत नेलं होतं, ती कल्पना आपल्याकडे आणलेली. भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन प्रेक्षकांशी बोलायचे. पण सुरुवातीच्या भागांतला कुटुंबनियोजनाचा उपदेश लोकांना रुचला नाही. तो पातळ करावा लागला, आणि मग माणसं त्या कुटुंबात गुंतली. नाथांना हे सोळाव्या शतकातच उमगलं होतं. भारुडात ते स्वतः विंचू चावलेली बाई होतात, जोशी होतात, नवऱ्या-सासूला कंटाळलेली सून होतात. समोरचा हसत हसत आत ओढला जातो.

मात्र अशा मनांवर काहीही पेरता येतं, याची मला भीती वाटते. आमच्याच दिंडीतल्या एका बाईंनी उपासासाठी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. मालिकेतली सून निर्जळी उपास करते आणि नवरा शुद्धीवर येतो, हे त्यांनी पाहिलेलं. आजींची श्रद्धा आणि यांची श्रद्धा एकाच मातीतली. भोळा माणूस विश्वास टाकतो. त्या विश्वासात काय भरायचं हे लिहिणाऱ्याच्या हातात असतं. रात्री तळावर त्या बाईंशी बोलले, पण पटलं नाही त्यांना. चिडून झोपले.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. मग फलटण, माळशिरस, वाखरी. आजी पुन्हा भेटल्या त्या थेट पंढरपुरात, चंद्रभागेवर. कळसाचं दर्शन घेऊन निघाल्या होत्या. "त्यानं बघितलं मला, बास झालं." मला तेवढ्यावर भागेना. मी रांगेत उभी राहिले, तासन् तास, घामाच्या वासात, पुढे घुसणाऱ्यांवर खेकसत.

पुढच्या दोघींनी मोबाइलवर मालिका लावली. नवऱ्याने सुनेवर हात उचलला.

"आता तरी घर सोडावं तिनं," एक म्हणाली.

"आन् लेकरं?" दुसरी.

"लेकरं घिऊन सोडावं."

"माहेरी ठिवून घेतेत का पर?"

मागच्या बायाही वाकून बघायला लागल्या. चौघी-पाचजणींचा वाद चांगलाच रंगला. मी मोबाइल हातात धरला, म्हणजे सगळ्यांना दिसेल.