खालचा बॉल जॉइंट: आधी भार काढा, मग प्ले (ढिलेपणा) बघा

पावसाळा संपला की मुंबईतल्या जुन्या पिकअपचा पुढचा भाग बोलायला लागतो. स्पीडब्रेकरवरून हळू उतरताना खालून ‘टक्’, स्टेअरिंग पूर्ण वळवताना करकर, टायर आतल्या कडेने घासलेला. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी गेलेली असते, चाकाला आर्मशी (चाक धरणाऱ्या दांड्याशी) जोडणाऱ्या गोळीच्या सांध्याचा, म्हणजे बॉल जॉइंटचा, रबरी बूट (आवरण) कुठेतरी चिरलेला असतो. पाणी आणि बारीक रेती आत शिरते, ग्रीस निघून जातं, बॉलला गंज धरतो. त्यानंतर खड्डे उरलेलं काम पटकन उरकतात.

आधी खाली वाकून बघा. पुढे पाट्यांच्या स्प्रिंगवर बसलेला सरळ अ‍ॅक्सल असेल तर बहुतेक तिथे किंग पिन असतो, आणि ते काम वेगळं. वर-खाली दोन आर्म दिसले तर हे लिखाण तुमच्यासाठी.

सगळ्यात जास्त चूक तपासणीत होते. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) खालच्या आर्मला जोडलेला असेल तर गाडीचा भार खालचा जॉइंट उचलतो. अशा गाडीला चासीखाली जॅक लावून चाक हलवलं, तर स्प्रिंगच्या ताणाने बॉल एका बाजूला दाबलेला राहतो आणि झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो. म्हणून जॅक खालच्या आर्मखालीच लावायचा, जॉइंटच्या जितका जवळ जाईल तितका, पण जॉइंटवर नाही. चाक जमिनीपासून थोडं उचललं की टायरखाली टामी (लोखंडी दांडा) घालून वर दाबा आणि बोट जॉइंटवर ठेवा. झिजलेला बॉल आत उडी मारतो, ती बोटाला कळते. स्प्रिंग वरच्या आर्मवर असेल तर उलटं: भार वरच्या जॉइंटवर, जॅक चासीखाली.

चाक वर-खाली धरून हलवल्यावर प्ले आला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर दोष व्हील बेअरिंगचा. तोच प्ले डावी-उजवीकडे असेल तर आधी टाय रॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्याचा सांधा) बघा.

जॉइंट बदलायचं काम सुरू करताना मागच्या चाकांना ठोकळे, चासीखाली स्टँड आणि खालच्या आर्मखाली जॅक. हा जॅक काम संपेपर्यंत खाली घ्यायचा किंवा काढायचा नाही. कॉइल स्प्रिंग दाबलेली असते; आर्म सुटला तर हात-पाय जातील. टॉर्शन बार असेल तर अ‍ॅडजस्टर बोल्टचे बाहेर दिसणारे आटे मोजून लिहा, मग सैल करा.

ब्रेकचा कॅलिपर काढला की तारेने टांगा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका. स्प्लिट पिन काढा, जॉइंटच्या स्टडवरचा (आटे असलेल्या दांडीवरचा) कॅसल नट, म्हणजे खाचांचा नट, सैल करा, पण चार-पाच आटे अडकलेला राहू द्या. मग टेपर (स्टडचा निमुळता भाग) सुटताना आर्म खाली आदळत नाही. टेपर सोडवायला स्टडच्या टोकावर ठोकू नका, आटे चेपतात. नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) ज्या कानात टेपर बसतो, त्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरा आणि समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोड्याचा सणसणीत फटका द्या. दोन-तीन फटक्यांत ‘टण्’ आवाज येऊन सुटतो. काट्यासारखं हत्यार घातलं तरी चालतं. बूट फाटतो, पण जॉइंट बदलायचाच असतो.

जॉइंट बोल्टवर असेल तर सोपं. रिव्हेट असतील तर डोकी ग्राइंडरने घासून काढा, नव्या जॉइंटसोबत आलेले बोल्टच लावा, कपाटातले नकोत. प्रेसने बसवलेला असेल तर सर्कलिप (अडकवणारी कडी) काढून सी-प्रेसने (सी आकाराच्या स्क्रू प्रेसने) ढकला. नवा बसवताना दाब फक्त बाहेरच्या कडेवर यायला हवा. मधल्या झाकणावर आला तर नवा जॉइंट तिथेच खराब. झिजलेल्या जॉइंटला वेल्डिंगचा टाका मारून देणारे भेटतात. उष्णतेने आतली प्लास्टिकची वाटी आणि ग्रीस दोन्ही जातात. ते करू नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुटे भाग मिळतात, पण जुन्या गाडीवरून काढलेला बॉल जॉइंट घेऊ नका, आणि नव्याचा बूट बोटाने दाबून बघून घ्या.

टेपर आणि त्याचं भोक कोरडं, स्वच्छ हवं. तिथे ग्रीस लावायचं नाही. स्टड नटासोबत फिरायला लागला तर जॅक थोडा वर घ्या, टेपर पकडतो. नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. पिनचं भोक जुळत नसेल तर पुढे आवळा, मागे कधीच नाही. सहा खाचांच्या नटाला जास्तीत जास्त 60 अंश लागतात. पिन नवीनच. ग्रीस भरायचं निपल असेल तर बूट किंचित फुगेपर्यंतच ग्रीस द्या.

वरच्या आर्मच्या शिम (पातळ पट्ट्या) काढल्या असतील तर कुठल्या बोल्टला किती होत्या ते खडूने लिहून ठेवा, नाहीतर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) हुकतो. शेवटी अलाइनमेंट करताना फक्त टो (चाकांची पुढची टोकं आत-बाहेर किती वळली आहेत ते) बघून सोडू देऊ नका. कॅम्बर आणि कॅस्टरचेही (स्टेअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) आकडे छापून मागा.