शिवण बसवायचा घरगुती ठोकळा – माझा अनुभव

क्विल्टिंगमध्ये, म्हणजे कापडाचे छोटे तुकडे जोडून रजई करण्यात, शिवण्यापेक्षा इस्त्रीच जास्त करावी लागते, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी आपली भरतकामच करत बसले असते. म्हणजे बघा, अडीच इंचाचे चौकोन कापायचे, पाव इंच दाब (शिवणीबाहेर राहणारी कापडाची कड) सोडून जोडायचे, की जोडून झाल्यावर प्रत्येक चौकोन बरोब्बर दोन इंचाचा दिसायला हवा. हिशेब तसा सोपाच. पण शिवण नीट बसली नाही आणि कापड त्या जागी जरासं दुमडून राहिलं की दर शिवणीला एखादा मिलिमीटर खाल्ला जातो, आणि एका ओळीत १६ चौकोन म्हणजे १५ शिवणी, म्हणजे दीड सेंटिमीटर कापड असंच गायब! शेजारच्या ओळीत तेवढंच गायब झालं असेल तर ठीक, पण तसं कधी होतं का, मग कोपऱ्याला कोपरा लागत नाही आणि आपण ओढूनताणून शिवत बसतो. आणि पिनव्हीलचा, म्हणजे भिंगरीचा, डिझाईन असेल तर विचारूच नका, मधोमध आठ त्रिकोणांची टोकं एकत्र येतात, तिथे एवढा गठ्ठा होतो की मशीनचं फूट त्यावर चढतच नाही.

यावर जो तो एकच उपाय सांगतो, इस्त्री अजून गरम कर, अजून वाफ सोड. ते करून बघितलं की इस्त्री फिरवल्यावर शिवण मस्त सपाट दिसते, आपण खूश होऊन पुढचा तुकडा उचलतो, आणि तेवढ्यात मागची शिवण हळूच फुगून वर आलेली असते. कारण साधं आहे. सुती धाग्यातली जी बंधनं असतात ती ओल आणि उष्णतेने सैल होतात, तेव्हा कापडाला आपण देऊ तो आकार ते घेतं, पण तो आकार पक्का होतो कापड थंड आणि कोरडं होताना. आपण नेमकी तेव्हाच इस्त्री उचलून टाकतो! म्हणजे शिवण बसवायची असेल तर इस्त्री काढल्यानंतरचे दहा-पंधरा सेकंद महत्त्वाचे, तेव्हा तिच्यावर काहीतरी दाबून धरलेलं पाहिजे. जुने टेलर लोक कोटाच्या कॉलरवर आणि पँटच्या घडीवर यासाठीच लाकडाचा ठोकळा दाबायचे. बाहेरदेशी त्याला टेलर्स क्लॅपर म्हणतात, इकडे ऑनलाईन मिळतो, पण लाकडाच्या एका तुकड्यासाठी तेवढे पैसे द्यायला माझा हात काही वळेना.

आईला सांगितलं तर म्हणाली वरवंटा ठेव की त्यावर, चांगला जड आहे. तिचंही बरोबर, पण दगड जड असला तरी वाफ पीत नाही ना, ओल कापडातच राहते. लोखंडाचंही तेच. लाकूड त्यातल्या त्यात हुशार, वाफ शोषून घेतं, उष्णता एकदम सोडून देत नाही, आणि दाबही देतं. (आईचा पुढचा मुद्दा असा की आम्ही एवढ्या गोधड्या शिवल्या, कधी इस्त्रीला हात लावला नाही. आता तिच्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर, वरून ठिगळं लावायची आणि धावदोऱ्याने सगळं एकत्र धरायचं, तिथे शिवण बसवायचा प्रश्नच नाही. पण हे तिला पटवायच्या भानगडीत मी पडले नाही.)

तर लाकूड शोधायला लागले. आम्ही नवी मुंबईत ऐरोलीला राहतो, बाजूला रबाळे, महापे, सगळी एमआयडीसी, त्यामुळे पॅकिंगचं लाकूड भंगारवाल्यांकडे ढिगाने पडलेलं असतं. नवऱ्याने लगेच एक पॅलेटची पट्टी आणून दिली, फुकट. पट्टीवर तो गव्हाच्या ओंबीचा शिक्का होता आणि खाली एचटी लिहिलेलं, म्हणजे किडीसाठी नुसतं तापवलेलं लाकूड, औषध मारलेलं नाही (एमबी लिहिलेलं असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते घरात आणूच नका). पण ते निघालं पाईन. एका गाठीवर नख घासून बघितलं तर चिकट लागलं, टर्पेंटाईनसारखा वास. अशा लाकडावर गरम वाफ गेली की राळ बाहेर येणार आणि ती पांढऱ्या कापडावर उतरणार. शिवाय पाईन मऊ, इस्त्रीच्या दोन दिवसांत त्याला खड्डे पडतील. त्या पट्टीचा आता बाल्कनीत कुंड्यांखाली चांगला उपयोग होतोय.

मग विटाव्यावरून कळव्याला एका वखारीत गेले. पावसाळ्याच्या आधीच जाऊन आले ते बरं, नाहीतर त्या विटाव्याच्या पुलाखाली पाणी साचलं की सगळंच ठप्प. जाताना पर्समध्ये एक पांढरा रुमाल आणि पाण्याची छोटी बाटली घेतली होती. वखारीतला माणूस साहजिकच आधी सागवान दाखवणार. "ताई, सागासारखं लाकूड नाही, पाण्याला हरत नाही." तेच तर नको होतं मला! साग तेलकट असतो म्हणूनच पाण्याला हरत नाही, आणि मला पाणी पिणारं लाकूड पाहिजे होतं. रुमाल ओला करून सागाच्या तुकड्यावर जोरात घासला, तर पिवळट तपकिरी डाग आला. शिसमावर घासला तर त्याहून गडद. तो माणूस माझ्याकडे असा बघत होता की ही बाई फर्निचर घ्यायला आलीय की धुणं धुवायला. कोपऱ्यात एक फिकट गुलाबीसर रंगाचं लाकूड दिसलं, स्टीम बीच, म्हणजे वाफवलेलं बीचचं लाकूड, खुर्च्यांसाठी वापरतात. त्यावर रुमाल स्वच्छ राहिला. बोटाने पाण्याचा थेंब ठेवला तर थोड्या वेळात तो पसरून आत मुरला. रेषा बारीक, छिद्रं डोळ्यांना फारशी दिसत नाहीत, गाठ नाही. हेच. कापून उरलेला एक तुकडा होता तो त्याने दीडशे रुपयांत दिला, घासाघीस मी केलीच नाही कारण त्याच्या वखारीत मी आधीच बरंच पाणी सांडलं होतं.

आमच्या इथे एक सुतारकाका आहेत, स्वयंपाकघराचं काम त्यांनीच केलेलं. त्यांना माप दिलं, लांबी १० इंच, रुंदी अडीच, जाडी २. एवढ्याचं वजन साधारण ६०० ग्रॅम भरतं, हातात धरून दाबायला ते ठीक वाटतं. त्याहून मोठा केला तर हात दुखतो आणि लहान केला तर लांब शिवणीवर सारखा उचलून ठेवावा लागतो. काकांनी करवतीने कापून रंधा मारला, गुण्या लावून चारही बाजू काटकोनात आणल्या. खालची बाजू एकदम सपाट पाहिजे, तिथे जरा जरी बाक असेल तर मधली शिवण दाबलीच जात नाही. तपासायला मी आमची स्टीलची पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून उजेडाकडे धरली, खालून उजेड कुठेच दिसला नाही. दोन्ही लांब बाजूंना बोटं अडकतील अशी उथळ खाच काढून घेतली, कारण ओलसर गुळगुळीत लाकूड हातातून निसटतं. आणि खालच्या कडा अगदी थोड्या गोल, धारदार ठेवल्या तर कापडावर रेघ उमटते.

एवढं झाल्यावर काकांनी पॉलिशचा डबा उघडला! "वहिनी, असं कोरडं लाकूड कुणी ठेवतं का, दोन हात मारून देतो, पैसे नकोत." त्यांना थांबवणं हे या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात अवघड काम होतं. पॉलिश मारलं की छिद्रं बंद, वाफ आत जाणार नाही, आणि गरम कापडावर पॉलिश चिकटण्याची भीती वेगळीच. वॅक्स नको, जवसाचं तेल नको, काही नको. काका नाराज झाले. अपुरं काम हातातून द्यायचं त्यांना जिवावर येत होतं, ते मला कळत होतं, पण काय करणार.

घासायचं काम मी घरी केलं. आधी ८० नंबरचा पॉलिशपेपर, मग १२०, मग २२०, नेहमी रेषेच्या दिशेनेच, आडवं घासलं की ओरखडे पडतात आणि ते जात नाहीत. पेपर एका सपाट टाईलवर ठेवायचा आणि ठोकळा त्यावर घासायचा, हातात पेपर धरून घासलं तर कडा खाली जातात आणि मधे फुगवटा राहतो. २२० झाल्यावर ठोकळा गुळगुळीत लागतो, इथेच बरेच जण थांबत असतील. पण तो ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यायचा. वाळल्यावर हात फिरवला तर चक्क खरखरीत लागतो, लाकडाचे बारीक तंतू पाण्याने उभे राहतात. हे आत्ता उभे राहू दिले नाहीत तर नंतर पहिल्या वाफेला उभे राहणार आणि कापडाचे धागे ओढणार. म्हणून पुन्हा ३२० ने हलक्या हाताने घासायचं, पुन्हा ओलं करायचं, वाळल्यावर पुन्हा घासायचं, आणि ओलं करून वाळल्यावरही गुळगुळीत लागेपर्यंत हे चालू. शेवटी कोरड्या फडक्याने भुसा पुसून एका पांढऱ्या चिंधीवर गरम वाफ देऊन दाबून बघितला, डाग आला नाही, मगच खऱ्या ब्लॉकवर (तुकडे जोडून केलेल्या चौकोनावर) आणला.

वापरायची पद्धत अशी. शिवून झाल्या झाल्या शिवण उघडायची नाही, आधी दोन्ही तुकडे एकमेकांवर असतानाच टाक्यावर इस्त्री टेकवायची, म्हणजे दोरा कापडात बसतो. मग उघडायचं, एका बाजूला किंवा दोन्हीकडे फाकवून. इस्त्री सरकवायची नाही, उचलून ठेवायची, सरकवली की तिरकं कापलेलं कापड ताणलं जातं आणि त्रिकोणाचं नाक वाकडं होतं. वाफ द्यायची, इस्त्री उचलायची आणि लगेच, म्हणजे लगेच, ठोकळा ठेवून तळहाताने दाबायचा. जोर फार लावावा लागत नाही. ठोकळ्याखालची ऊब कमी झाली की उचला. पहिल्यांदा केलं तेव्हा मी शिवणीवर बोट फिरवून शोधत होते की शिवण आहे कुठे. पिनव्हीलच्या मधल्या गठ्ठ्याला मात्र नुसता ठोकळा पुरत नाही, तिथे शिवणी फाकवाव्याच लागतात.

आणि फाकवायच्या म्हटल्या की दुसरी अडचण, इस्त्रीखाली दाबाच्या कडा उमटतात आणि सुलट बाजूला शिवणीशेजारी दोन चकाकत्या रेघा दिसतात, गडद रंगावर तर फारच. त्यासाठी काकांकडूनच (तोपर्यंत राग गेला होता) पडद्याची एक जुनी लाकडी दांडी एका बाजूने रंधून सपाट करून घेतली, म्हणजे टेबलावर घरंगळत नाही आणि वरची बाजू गोल राहते. शिवण त्या गोलाव्याच्या माथ्यावर ठेवायची, दाब दोन्हीकडे खाली लोंबतो, इस्त्री फक्त टाक्याच्या रेषेला लागते. दांडीवरचं जुनं वॉर्निश पूर्ण खरवडून काढलं आणि वर मांजरपाटाचे दोन थर चढवले. मांजरपाट आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढून घ्या, नाहीतर ती खळ करपून इस्त्रीला चिकटते. फेविकॉलने चिकटवायचा मोह होतो पण तो उष्णतेने मऊ पडतो, म्हणून मी सपाट बाजूला सुई-दोऱ्याने टाके घालून ताणून बसवलं.

खाली अंथरायला लोक लोकरीचं मॅट घेतात, ते उष्णता धरून ठेवतं म्हणून. आमच्याकडे गावची एक घोंगडी होती, कसरीने एका बाजूने खाल्लेली. चांगल्या भागाचा तुकडा कापला, चारी बाजूंनी काठ शिवला, वर मांजरपाटाची खोळ, कारण घोंगडीचे काळे केस पांढऱ्या कापडात घुसतात. घोंगडीवर शिवण, वरून वाफ, वर ठोकळा, म्हणजे दोन्हीकडून ऊब अडकते. भाजलेल्या लोकरीचा थोडा वास येतो पहिल्यांदा, नंतर जातो.

पावसाळ्यात एक काळजी घ्यावी लागते. ऐरोली खाडीच्या कडेला, जुलैमध्ये कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे वाफ प्यायलेलं विना-पॉलिश लाकूड म्हणजे बुरशीला आमंत्रणच. काम झालं की ठोकळा आडवा ठेवायचा नाही, लहान टोकावर उभा ठेवायचा, म्हणजे सगळ्या बाजूंनी सारखा वाळतो. आडवा ठेवला तर वरची बाजू वाळते, खालची ओली राहते आणि लाकूड बाक घेतं. प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको. बाक आलाच तर टाईलवर १२० चा पेपर ठेवून परत सपाट करता येतो.

सिंथेटिकवर जपून. पॉलिस्टरवर ठोकळा चालतो पण इस्त्री कमी ठेवा, आणि जरीच्या काठाचा तुकडा मधे असेल तर वर सुती फडकं घालूनच. जाड डेनिमच्या शिवणीवर एकदा दाबून भागत नाही, पुन्हा वाफ द्यावी लागते. आता काकांकडे याच लाकडाच्या उरलेल्या पट्टीतून एक अर्ध्या रुंदीचा ठोकळा करायला दिलाय, लहान मुलांच्या झबल्यांच्या बाह्यांमध्ये हा मोठा शिरत नाही. पॉलिश करू नका हे त्यावर पेन्सिलने लिहून दिलंय.